टेक्स-मेक्स म्हणजे राजमा-भात? मागवण्याआधी हे वाचा

अमेरिकेला निघालेल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला हमखास येतो: "शाकाहारी खाण्याची पंचाईत झाली की सरळ टेक्स-मेक्स गाठा. राजमा, भात, पोळी, चीज, सगळं आपल्यासारखंच. डोळे झाकून खा." टेक्स-मेक्स म्हणजे टेक्सासमध्ये रुजलेलं मेक्सिकन वळणाचं जेवण. या सल्ल्यातलं 'डोळे झाकून' तेवढं चूक आहे, आणि त्यापायी माणसं नकळत डुकराची चरबी खातात.

"बीन्समध्ये मांस कुठून येणार?" शिजतानाच येतं. रिफ्राइड बीन्स म्हणजे शिजवून घोटलेले पिंटो बीन्स (राजम्याच्याच जातीचे फिकट, ठिपकेदार दाणे), आणि ते परतायची जुनी रीत लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत. चारो बीन्समध्ये, म्हणजे रस्सेदार पिंटो बीन्समध्ये, तर सहसा बेकन असतंच. चिपोटले या रेस्टॉरंट-साखळीच्या पिंटो बीन्समध्येही २०१३ पर्यंत बेकन पडत असे. आता तिथले काळे आणि पिंटो, दोन्ही चालतात. टाको बेल या दुसऱ्या साखळीचे रिफ्राइड बीन्सही शाकाहारी आहेत. टेबलावर आणून वाढणाऱ्या साखळ्यांत मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

"भात तो भातच." केशरी मेक्सिकन भात बरेचदा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवतात. टोमॅटोच्या चवीत तो लपतो, त्यामुळे खाऊन कळत नाही. चिपोटलेचा लिंबू-कोथिंबिरीचा पांढरा भात चालतो.

"चीज एंचिलाडा मागवा, आत फक्त चीज असतं." एंचिलाडा म्हणजे सारण भरून गुंडाळलेली टॉर्टिया (मेक्सिकन पोळी). आत चीजच असतं, पण खरी फसगत वरून होते. टेक्सासच्या पद्धतीत त्यावर चिली ग्रेव्ही ओततात: चरबीत भाजलेला मैदा, मिरचीपूड, जिरं आणि स्टॉक, पुष्कळ ठिकाणी बीफचा खिमासुद्धा. जिऱ्याचा ओळखीचा वास आला की आपण निश्चिंत होतो. ग्रेव्ही नको म्हणून स्पष्ट सांगा, वर साधा टोमॅटोचा साल्सा मागा. टॉर्टिया सूपही बहुधा चिकनच्या स्टॉकचंच असतं. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असू शकतं (चिपोटले वनस्पतिजन्य वापरतं), आणि काही सावर क्रीममध्ये (आंबट सायीत) जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन.

"घरच्यासारखं हलकं." चिपोटलेच्याच आकड्यांची बेरीज करा: बरिटोची (सारण भरलेल्या मोठ्या गुंडाळीची) टॉर्टिया ३२० कॅलरी, भात २१०, काळे बीन्स १३०, ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) २३०, चीज ११०, सावर क्रीम ११०. झाल्या १११०. तेच बोलमध्ये, म्हणजे टॉर्टियाशिवाय वाडग्यात, घेतलं तर टॉर्टियाच्या ३२० वाचतात. मांस न घेणाऱ्याला तिथे ग्वाकामोलेचे वेगळे पैसे पडत नाहीत, ते सोडू नका. वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून मेन्यूवर कॅलरी छापाव्याच लागतात. पण त्या आकड्यावरून लार्ड ओळखू येत नाही.

म्हणून "हे व्हेजिटेरियन आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. मांसाचे तुकडे नसले की वाढणारा पुष्कळदा प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो. नाव घेऊन विचारा: यात लार्ड, बेकन किंवा चिकन स्टॉक आहे का? फाहिताच्या भाज्या मांसाच्याच तव्यावर परतल्या का, तेही विचारा. चिप्स तळायच्या तेलात चिकन तळत असतील, तर चिप्सही सोडा.

जैन मंडळींना हा सल्ला मुळीच लागू नाही. बीन्स, साल्सा, ग्वाकामोले, सगळीकडे कांदा किंवा लसूण असतो. चिपोटलेत भात, चीज, लेट्यूस आणि मक्याच्या टॉर्टियावर भागवावं लागतं. काउंटरवर वाढून घेताना आधीच्या ग्राहकाचं चिकन त्याच हातांनी वाढलेलं असतं, म्हणून सुरुवातीलाच हातमोजे आणि चमचा बदलायला सांगा. विनंती केली की बदलतात.