बॅकअप घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं?

‘बॅकअप घेत जा’ हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा माझ्यासारखीच्या शेजारी बसून तो घेऊन दाखवावा. पुढच्या वेळी तो सल्ला इतक्या सहज तोंडातून निघायचा नाही.

माझ्यासारखी म्हणजे कशी? कम्प्युटर रोज वापरते. हिशेब, पत्रव्यवहार, स्कॅन केलेली कागदपत्रं, वर्षानुवर्षांचे फोटो, सगळं त्यातच आहे. पण ड्राइव्ह, पार्टिशन, इमेज असं कुणी बोलायला लागलं की नुसती मान हलवते. हार्ड डिस्क कधी ना कधी जाणारच, हे मला पटवून द्यायची गरज नाही. २०११ पासून दर ३१ मार्चला ‘वर्ल्ड बॅकअप डे’ असतो, त्या दिवशी सगळे हेच पटवत बसतात. पटलेलंच आहे हो. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

बॅकअपचा प्रोग्रॅम उघडला की तो पहिल्यांदा काय विचारतो? फुल, इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल? याचा अर्थ मी आता शिकून घेतलाय. फुल म्हणजे दर वेळी सगळं नव्याने कॉपी. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच. डिफरन्शियल म्हणजे शेवटच्या फुलनंतर जे जे बदललं ते सगळं. समजायला अवघड नाही. पण हा प्रश्न मला का? मला एवढंच जाणून घ्यायचंय की उद्या हा कम्प्युटर सुरूच झाला नाही, तर माझ्या हातात काय परत येईल आणि ते आणायला मला काय करावं लागेल. याचं उत्तर कुठल्याच स्क्रीनवर मिळत नाही. मिळते ती हिरवी टिक. ‘बॅकअप पूर्ण झाला.’ कशाचा झाला, ते बघायला आणखी चार ठिकाणी क्लिक करत आत शिरायचं.

विंडोजमधल्या फाइल हिस्टरीचंच बघा. सोय चांगली आहे. बाहेरची डिस्क लावली, एकदा चालू केलं, की ती ठरावीक वेळाने फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या साठवत राहते. पण ती बघते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरं. आपल्यापैकी कितीतरी जणांना सवय असते ‘डी’ ड्राइव्हवर स्वतःच्या नावाचं फोल्डर करून सगळं त्यात टाकायची. मुळात तशी सवय कुणीतरी जाणकारानेच लावलेली असते, की ‘सी’मध्ये काही ठेवू नका. ते फोल्डर आपण होऊन विंडोजच्या ‘लायब्ररी’त, म्हणजे त्या ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत, जोडलं नाही, तर फाइल हिस्टरी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. टिक मात्र हिरवीच.

मॅकवाल्यांचं त्या मानाने बरं. तिथे २००७ पासून टाइम मशीन आहे. डिस्क जोडली की ते एकदा विचारतं आणि मग गेल्या चोवीस तासांतल्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ठेवतं. मागे जाऊन तेव्हाचं फोल्डर उघडूनही दाखवतं. हे ‘उघडून दाखवणं’च मला हवंय. बाकी सगळी हुशारी त्यानंतर.

आता क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवणीची जागा. ‘कशाला डोक्याला ताप, क्लाउडवर टाक की,’ हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय! टाकते मी. फुकटच्या जागेत, गूगलवर १५ जीबी किंवा वनड्राइव्ह आणि आयक्लाउडवर ५ जीबी, जेवढं मावतं तेवढं. पण यातलं बरंचसं सिंक असतं, आणि सिंक आणि बॅकअप यांतला फरक कुणीच नीट सांगत नाही. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. इथे फाइल पुसली की तिथलीही जाते. इथे बिघडली की बिघडलेलीच तिकडे पोचते. तिथल्या कचरापेटीत साधारण महिनाभर राहते, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. पण लग्नाच्या फोटोंचं फोल्डर गायब झालंय हे महिनाभरात कुणाच्या लक्षात येतं? असली फोल्डरं आपण वर्षावर्षात उघडत नाही.

माझ्या भाच्याला या सगळ्यातलं कळतं. त्याने प्रेमाने एक छोटी फाइल बनवून दिली. तिच्यावर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात आणि खिडकी आपोआप मिटते.

‘मावशी, आता तुला काही करायचंच नाही. बाहेरच्या डिस्कवर हुबेहूब कॉपी होत राहील.’

‘आणि इथली एखादी फाइल माझ्याकडून चुकून उडाली तर?’

‘तर पुढच्या वेळी तिथलीही उडेल. मिरर आहे ना तो!’

म्हणजे फिरून तेच. डिस्क गेली तर उपयोग, माझा हात चुकला तर नाही. आणि घरगुती कम्प्युटरवर हातच जास्त वेळा चुकतो, असं माझं मत आहे. त्याच्या त्या फाइलीत एक शब्द खोडला की पुसलेल्या फायली तिथे राहतात, हे त्याने नंतर सांगितलं. पण विचारलं नसतं तर? मला जो प्रश्न सुचला तो नशिबाने सुचला, आणि प्रश्न सुचण्यावर सगळं अवलंबून असेल तर माझ्यासारख्यांचं कठीण आहे.

भाच्याची आणखी एक शिकवण म्हणजे थ्री-टू-वन. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम लोकांपर्यंत पोचवला. हे मला लगेच पटलं, कारण त्यात सॉफ्टवेअरचं नावच नाही. कुठे आणि किती, एवढंच आहे.

तर मी सध्या काय करते ते सांगते. जाणकारांनी खुशाल हसावं. ज्यांत माझं सगळं आहे ती फोल्डरं मी उचलते आणि बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करून त्यात टाकते. हाताने, कॉपी-पेस्ट. जुन्या तारखांची फोल्डरं पुसत नाही, जागा संपत आली की सगळ्यात जुनं काढते. अशा दोन डिस्का आहेत, एक घरात, एक बहिणीच्या घरी, आणि भेटीगाठीत त्यांची अदलाबदल होते. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवते. कायम जोडून ठेवायची नाही, यावर मी ठाम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या कम्प्युटरांवरच्या फायलींना कुलपं घालून खंडणी मागितली होती. असला व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही तो सोडत नाही. वीज उसळली तरी कम्प्युटर आणि जोडलेली डिस्क दोन्ही एकदम जाऊ शकतात.

हे साधं काम करतानाही काही गोष्टी माणसाला घाबरवतात. डिस्कवर छापलेलं असतं १ टीबी, विंडोज दाखवतं ९३१ जीबी. कुणी फसवलेलं नसतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या, इतकंच. दुसरं त्याहून छळवादी. जागा भरपूर रिकामी दिसत असताना एखादा मोठा व्हिडिओ टाकायला जावं, तर संदेश येतो की ही फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही, मग तो रिकामा का असेना. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलं की प्रश्न सुटतो, पण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी आतलं दुसरीकडे ठेवायचं. हे वाक्य त्या संदेशातच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हाताने कॉपी करण्यातले तोटे मला माहीत आहेत. आळस होतो, विसरायला होतं, आणि नुसते फोल्डर उचलून प्रोग्रॅम येत नाहीत. ते नव्या कम्प्युटरवर परत इन्स्टॉल करावे लागतात. चालेल मला. प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. फोटो कुठून आणणार?

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून सुटून जाते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘कम्प्युटर बंद पडला तरी आतली डिस्क काढून दुसऱ्याला लावता येते,’ या भरवशावर कितीतरी जण निवांत असतात. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करून ठेवणारी सोय, आधीपासूनच चालू असतं. चोरी झाली तर चोराला काही वाचता येऊ नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण मग ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारा ४८ आकडी क्रमांक, नसेल तर ती डिस्क तुम्हालाही वाचता येत नाही. ही ‘की’ बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा झालेली असते. ते अकाउंट कुठल्या मेलवर आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे लॅपटॉप धडधाकट असतानाच बघा. ती ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवून ठेवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको.

मला विचाराल तर बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये फक्त एक बटण वाढवायला हवं: ‘परत आणून दाखव’. दाबलं की त्याने बॅकअपमधल्या कुठल्याही दहा फायली निवडाव्यात, एखादा फोटो, एखादं पत्र, एखादी हिशेबाची शीट, आणि माझ्यासमोर उघडाव्यात. उघडल्या तर टिक, नाहीतर नाही. तोवर हे काम मी बहिणीच्या कम्प्युटरवर करते. डिस्क तिथे लावायची आणि जुन्यांतलं एक फोल्डर, नव्यांतलं एक फोल्डर उघडून बघायचं. मागच्या वेळी एक व्हिडिओ अर्ध्यात थांबला. माझ्याकडचा मूळ व्हिडिओ शाबूत होता, तो पुन्हा कॉपी केला. त्या दिवशीही कॉपी करताना स्क्रीनवर कसलीच तक्रार आली नव्हती.