फास्ट म्हणजे जलद, हे कोणी सांगितलं?

बारक्याने साहेबाला पाठवायचा मेल कट्ट्यावर वाचून दाखवला, त्यात 'प्लीज रिप्लाय फास्टली' असं होतं आणि मास्तर तिथल्या तिथे उखडला. (मास्तर आमच्यातलाच, शिकवण्या घेतो म्हणून मास्तर.) म्हणे फास्टली असं आजच्या इंग्रजीत चालतच नाही, क्विकचं क्विकली होतं, रॅपिडचं रॅपिडली होतं, फास्टचं मात्र फास्टच राहतं. बारक्या म्हणाला बरं मग क्विकली टाकतो, त्यात काय एवढं, थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) उघडला की फास्ट, क्विक, रॅपिड, स्विफ्ट, स्पीडी अशी रांगच लागते, सगळ्यांचा अर्थ एकच, जो भारी वाटेल तो उचलायचा.

झालं, मास्तरला एवढंच पाहिजे होतं.

"मग फास्ट अस्लीप म्हणजे काय रे? जलद झोपलेला?"
"गाढ झोपलेला."
"आणि फास्ट कलर? पळणारा रंग?"
"पक्का रंग. अरे पण ते वेगळे अर्थ झाले ना!"
"तेच तर म्हणतोय, वेगळे कसे झाले?"

इथे लॅबवाली मधे पडली. ती पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते, आणि एरवी असल्या वादात ती फोनमधे डोकं घालून बसते. म्हणाली, टीबीच्या जंतूंना आम्ही ॲसिड फास्ट बॅसिलाय म्हणतो, रिपोर्टवर एएफबी लिहितात ते हेच. नवीन आलेल्या पोरांना दरवेळी वाटतं की ॲसिडमधे हे जंतू भराभर वाढत असणार. प्रत्यक्षात भानगड अशी की काचपट्टीवरच्या नमुन्याला लाल रंग देतात, खालून गरम करतात म्हणजे रंग आत मुरतो, मग ॲसिडने धुतात. बाकीच्या बहुतेक जंतूंचा रंग धुऊन जातो, टीबीच्या जंतूचं कवच मेणासारखं असतं म्हणून तो रंग सोडत नाही. म्हणजे फास्ट म्हणजे धरून बसणारा. आणि वाढीचं म्हणशील तर इतके आळशी जीव थोडेच असतील, पोटातल्या ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं की 20 मिनिटांत एकाचे दोन होतात, ह्याला 15 ते 20 तास लागतात, म्हणून तर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टला आठवडेच्या आठवडे जातात. जगातल्या सगळ्यात संथ जंतूंपैकी एकाच्या नावात फास्ट!

मला हे उदाहरण फार आवडलं. मास्तरलाही आवडलं असावं पण त्याने तसं दाखवलं नाही, लगेच जुन्या इंग्रजीत शिरला. फास्टचा मूळ अर्थच घट्ट, पक्का, न हलणारा. फासन म्हणजे घट्ट बांधणं त्यातूनच आलं (मधला टी लिहायचा पण म्हणायचा नाही), स्टेडफास्ट म्हणजे ठाम, तेही त्यातूनच, आणि उपासाला फास्ट म्हणतात तेही त्यातूनच, कारण नियम घट्ट धरून राहायचं. तो मोडला की ब्रेकफास्ट.

वकील इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "घट्टचं जलद कसं झालं ते सांग आधी. न हलणारा आणि जोरात पळणारा, दोन्हीला एकच शब्द? हे जुळवून आणल्यासारखं वाटतं."

"आत्ता तू स्वतःच म्हणालास, जोरात पळणारा," मास्तर म्हणाला. "जोर म्हणजे काय, ताकद. वेग कुठे आहे त्यात? पण जोरात पळ म्हटलं की कोणी ताकदीचा विचार करतं का? तिकडेही तसंच झालं, घट्ट धरणं, मग नेटाने धरणं, मग नेटाने पळणं, आणि नेटाने पळणारा अर्थातच जलद पळतो."

वकिलाला उत्तर सुचलं नाही, जे क्वचितच होतं.

मग क्विकची पाळी आली. क्विक म्हणजे मुळात जिवंत, पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात ते जिवंत चांदी म्हणून, आणि नखाखालचा जो नाजूक भाग दुखतो त्यालाही क्विकच म्हणतात. रॅपिड लॅटिनमधून आलेला, हिसकावून नेणारा असा त्याचा धातू. स्पीड म्हणजे तर आधी यश, भरभराट, वेग नंतर चिकटला. एक घट्ट, एक जिवंत, एक हिसकावणारा, एक यशस्वी, आणि थिसॉरसमधे चौघं एका बाकावर.

"जुने अर्थ घेऊन काय करू," बारक्या वैतागला, "माझ्या मेलमधे काय लिहू ते सांग."

खरं तर त्याचा मुद्दा बरोबर होता. शब्द कुठून आला यावरून आज तो कसा वापरायचा हे ठरत नाही, मास्तर मंडळी हे सोयीने विसरतात. आज फरक पडतो तो शेजारी कोणता शब्द बसतो यावरून. गाडी फास्ट असते, कारण तिथे धावण्याचा वेग मोजायचा असतो. नजर टाकायची ती मात्र क्विक, प्रश्न विचारायचा तोही क्विक, कारण तिथे काम थोड्यात उरकलं एवढंच सांगायचंय, फास्ट क्वेश्चन कोणी म्हणत नाही. रॅपिड म्हटलं की वाढ, बदल, असली कागदोपत्री मंडळी येतात. स्विफ्ट जरा लिखाणातला. आणि फास्टनेस म्हणजे वेग नव्हेच, तो रंगाचा पक्केपणा किंवा अवघड जागचा किल्ला, वेगाला स्पीडच म्हणावं लागतं. म्हणजे समानार्थी असतात ते दोन वाक्यांतले दोन उपयोग, अख्खे शब्द नाहीत, निदान मला तरी तसंच वाटतं.

बारक्याने यावर रॉजेटचं नाव पुढे केलं, एवढा मोठा माणूस काय वेडा होता का म्हणून. पण रॉजेट पेशाने डॉक्टर, 1852 साली त्याने थिसॉरस छापला तो अकारविल्हे लावलाच नव्हता, कल्पनांच्या गटांनी लावला होता, म्हणजे डोक्यात गोष्ट आहे पण शब्द सापडत नाही अशा माणसाने तिथे जाऊन आपला नेमका शब्द वेचावा. एकाच्या जागी दुसरा डोळे मिटून घाला असा त्याचा अर्थ होत नाही.

लॅबवालीने मग सरळ विचारलं, "साहेबाने काय करायला पाहिजे तुला?"
"लवकर उत्तर द्यायला पाहिजे."
"मग इंग्रजीतलं 'सून' लिही की! तो किती वेगाने टाइप करतो त्याच्याशी तुला काय करायचंय?"

यावर कोणाला काही बोलायलाच उरलं नाही, तेवढ्यात वकिलाने नवीन काडी टाकली. म्हणे घड्याळ पाच मिनिटं फास्ट आहे म्हणतो तेव्हा काटे जलद फिरत असतात का? पुढे लावून ठेवलेलं घड्याळ अगदी बरोबर वेगाने चालू शकतं, आणि जे खरंच जलद चालतं ते काल मागे असेल तर आज एका क्षणी अचूक वेळही दाखवेल, मग दोघांतलं फास्ट कुठलं? मास्तर म्हणाला, दोन्ही. बारक्या म्हणाला, "म्हणजे एकच शब्द स्वतःचाही समानार्थी नाही?" आणि तिथून जे सुरू झालं ते लिहीत बसलो तर संपायचं नाही.