‘शोधण्याचे चार सोपे नियम’ – एकही जसाच्या तसा पाळू नका

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. इंटरनेटवर माहिती शोधण्याचे चार नियम: प्रश्न बोलतो तसा पूर्ण वाक्यात टाका; सगळ्यात वर येईल ते खरं माना; मराठीत शोधण्यात वेळ घालवू नका; आणि दोन पानांत सापडलं नाही तर ती माहिती नाहीच. लोक हे पाळायला लागलेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पूर्ण वाक्य टाकून काहीतरी उत्तर येतं, हे कबूल. पण सरकारी काम असेल तर कागद लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरलाय, हे आधी ओळखावं लागतं. शेजारच्या काकूंनी ‘घरपट्टी कमी कशी करायची’ असं टाकलं आणि ग्रामपंचायतींची माहिती वाचत बसल्या. मुंबईत ज्याला मालमत्ता कर म्हणतात, त्याला पुणे महापालिका मिळकतकर म्हणते. स्वतः राहत्या घराची 40 टक्के सवलत 2023 मध्ये पुन्हा लागू झाली, आणि तिच्यासाठीचा अर्ज आहे पीटी-3. ‘मिळकतकर 40 टक्के सवलत पीटी-3’, एवढेच शब्द टाकल्यावर काकूंचं काम झालं. शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणात घाला. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह चिकटवून लिहा. शासन निर्णय (जीआर) शोधायचा असेल तर त्याचा 18 अंकी संकेतांक मिळवा. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ‘नवीन जीआर आलाय’ असं कुणी पाठवलं की मी आधी संकेतांक मागते आणि शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून बघते.

दुसऱ्या नियमाचा मला खरोखर राग येतो. वरच्या जागा पैसे देऊन घेता येतात. तिथे बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. आता त्याच्याही वर एआयने तयार केलेला सारांश येतो, आणि तोही चुकतो. त्याने दिलेला दुवा उघडून मूळ पान वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये. सगळ्यात मोठा धोका कस्टमर केअरच्या नंबरचा. भामटे स्वतःचे नंबर बँकेच्या नावाने पसरवून ठेवतात. ओळखीतल्या एका आजोबांनी असाच शोधलेला नंबर फिरवला आणि ओटीपी सांगून बसले. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो, तोच लावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मराठीत काही नाही, हे तर साफ चूक. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मात्र बरेच जुने कागद खरंच सापडत नाहीत. ते श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची गिचमिड असते. स्कॅन केलेलं पान म्हणजे तर नुसता फोटो. अशा वेळी क्रमांक, तारीख किंवा विभागाचं नाव टाकून बघा. ऱ्हस्व-दीर्घ बदलून आणि ‘मिळकत कर’ तोडून, जोडूनही बघा.

चौथा नियम, म्हणजे दोन पानांत सापडलं नाही तर ती माहिती नाहीच, असं पुण्यात राहून तरी कुणी म्हणू नये. पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय 1848 पासून आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं. त्या आठवड्यात आपल्या पेठेत काय घडलं हे हवं असेल, तर गुगलवर वर्धापनदिनाचे त्याच त्या मजकुराचे लेख येतात. त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली ग्रंथालयात जाऊनच चाळाव्या लागतात. पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहातले, मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) तर त्याहून दूर. ते कुणी वाचून देवनागरीत टंकल्याशिवाय कुठल्याही शोधात कसे येतील? घराण्याचा इतिहास शोधायला पेशवे दफ्तरात जाणार असाल तर गावाचं जुनं नाव, परगणा आणि साल कागदावर लिहून न्या. त्या काळच्या कारकुनाने तेच शब्द लिहून ठेवलेत.