शेक घेताना लीडचा ॲप्रन मागा म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

तोच मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला, यावेळी आत्याकडून, फॅमिली ग्रुपवर, खाली हात जोडलेले चार इमोजी. तिच्या शेजारच्या काकूंना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झालाय म्हणून तिने काळजीने पाठवला, तिची काही चूक नाही. मेसेज लांबलचक आहे पण मुद्दे एवढेच. पोटाला शेक दिला की आतडी, किडनी, लिव्हर जळून जातात. परदेशात पोटात जेल भरून सगळे अवयव वाचवतात पण आपले डॉक्टर सांगत नाहीत. मशीनखाली झोपताना पोटावर लीडचा ॲप्रन मागून घ्या. परवडत असेल तर प्रोटॉनच (एक्सरेऐवजी प्रोटॉन कणांचा शेक) घ्या, त्यात काही त्रास नाही. आणि शेकाच्या दिवशी पाणी पिऊ नका, पोट रिकामं ठेवा.

मी रेडिएशन डिपार्टमेंटला फिजिसिस्ट आहे, कुठल्या अवयवाला किती डोस जातोय याचा हिशोब करणं हेच माझं काम, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ॲप्रन. एक्सरे काढताना बघितलेला असतो म्हणून लोकांना पटतं. तो साधारण अर्धा मिलिमीटर शिशाचा असतो आणि एक्सरेच्या खोलीत इकडेतिकडे उडणाऱ्या कमी ताकदीच्या किरणांना अडवायला तो पुरतो. पण आमच्या मशीनचा 6 एमव्हीचा, म्हणजे साध्या एक्सरेपेक्षा कितीतरी ताकदवान बीम नुसता निम्मा करायचा म्हटलं तरी सव्वा ते दीड सेंटीमीटर शिसं लागतं, मग अर्ध्या मिलिमीटरने काय होणार? उलट नुकसान होईल. या बीमचा सगळ्यात जास्त डोस कातडीवर नाही तर दीडेक सेंटीमीटर आत पडतो, त्यामुळे कातडी बऱ्यापैकी वाचते, आणि बीमच्या वाटेत पोटावर काही जाड ठेवलं की तो फायदाच गेला. खरा ॲप्रन मशीनच्या डोक्यात असतो. मल्टीलीफ कोलिमेटर म्हणतात त्याला, टंगस्टनच्या पट्ट्या, सहा सेंटीमीटर किंवा त्याहून जाड, बऱ्याच मशीनला 120 पट्ट्या, प्रत्येकीला वेगळी मोटर. पेशंट झोपलेला असताना या पट्ट्या आतबाहेर सरकत बीमला गाठीचा आकार देतात. पूर्वी हेच काम करायला प्रत्येक पेशंटसाठी 70 डिग्रीला वितळणारा मिश्रधातू साच्यात ओतून ब्लॉक बनवायचे, आमचे सीनियर सांगतात सकाळी डिपार्टमेंटमध्ये आलं की भटारखान्यात आल्यासारखं वाटायचं.

आता जेल. हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. जेल आहे, पण ते प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठी. प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना चिकटून असतात, मध्ये काही मिलिमीटर, त्यामुळे प्रोस्टेटला पूर्ण डोस द्यायचा तर गुदाशयाची पुढची भिंत सापडतेच. मग सोनोग्राफीवर बघत सुईने त्या फटीत दोन द्रव सोडतात, काही सेकंदात त्यांचं जेल होतं, सेंटीमीटरभर जागा मिळते, शेक संपेपर्यंत ते टिकतं आणि साधारण सहा महिन्यांत शरीरात विरघळून जातं. अमेरिकेत 2015 मध्ये याला मंजुरी मिळाली, 222 पेशंटच्या ट्रायलवर. त्यात गुदाशयाचा 70 ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं एकक) किंवा जास्त डोस खाणारा भाग 12 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आला. चांगलीच गोष्ट आहे. पण हे "पोटात जेल भरून सगळे अवयव वाचवणं" नाही हो, ही एका ठरावीक फटीत घातलेली पाचर आहे. स्वादुपिंडाचं डोकं घ्या, ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, त्याला असं मिठी मारून बसलेलं असतं की तिथे जागा करण्याचे प्रयोग झालेत पण रोजची ट्रीटमेंट म्हणून कोणी ते देत नाही. शिवाय जेललाही धोका आहे, क्वचित ते गुदाशयाच्या भिंतीत गेलं तर जखम होते.

पोटात खरंच स्पेसर, म्हणजे मध्ये जागा करणारी वस्तू, ठेवतात ते जपानमध्ये. कोबे विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कंपनीबरोबर मिळून पॉलिग्लायकॉलिक ॲसिडचा, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्याचा करतात त्याच मटेरियलचा, नमद्यासारखा जाड तुकडा बनवलाय. ऑपरेशन करून तो गाठ आणि आतडं यांच्या मध्ये ठेवायचा, मग प्रोटॉन किंवा कार्बनचा शेक द्यायचा, तुकडा पुढे आपोआप विरघळतो. म्हणजे शेक घेण्यासाठी आधी एक ऑपरेशन. ज्याची गाठ आतड्याला टेकलीय आणि एरवी पुरेसा डोस देताच येत नाही त्याच्यासाठी हे ठीक आहे. पण काकूंसारख्या पेशंटला हे कोणी सांगितलं नाही म्हणजे लपवलं असं होत नाही, त्यांना त्याची गरजच नाही.

आणि काकूंच्या ट्रीटमेंटमध्ये स्पेसर आहेच की! बाहेरचा शेक झाल्यावर आतून शेक देतात ना, ब्रॅकीथेरपी, त्यात इरिडियमचा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा छोटा तुकडा, गर्भाशयात जातो आणि डॉक्टर योनीमार्गात गॉज पॅक करून मूत्राशय आणि गुदाशय लांब ढकलतात. सोर्सपासून 2 सेंटीमीटरवरचा अवयव 3 सेंटीमीटरवर गेला की डोस निम्म्याहूनही कमी होतो. साधं गॉज. त्याचं कोणी फॉरवर्ड करत नाही.

प्रोटॉनबद्दल थोडक्यात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही, हे खरं आहे, आणि त्यासाठी परदेशी जायलाही नको, खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये 2023 पासून सुरू आहे. पण पोटात गॅस असतो, तो रोज जागा बदलतो, आणि वाटेत गॅसचा फुगा आला की प्रोटॉन ठरवलेल्या जागेच्या पुढे जाऊन थांबतो. त्यामुळे पोटासाठी "काही त्रास नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याला जरा विचारा की गॅसचं काय करायचं.

"आतडी जळतात" यावर मात्र मी हसून सोडून देणार नाही कारण त्रास होतो. जुलाब, लघवीला जळजळ, थकवा, हे शेक चालू असताना होतं, आणि काहींना आतड्याचा त्रास वर्षा-दोन वर्षांनी सुरू होतो. पण किती जणांना होतो हे टेक्निकवर अवलंबून आहे आणि त्याचा पुरावा मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 300 बायकांवर पार्सर नावाची ट्रायल केली, निम्म्यांना जुन्या पद्धतीचा शेक, निम्म्यांना रोज स्कॅन बघून दिलेला आयएमआरटी, म्हणजे बीमची ताकद जागोजागी कमीजास्त करून दिलेला शेक. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास जुन्या पद्धतीत 42 टक्क्यांना झाला, नवीनमध्ये 21 टक्क्यांना. निम्मा! आणि कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. 21 टक्के म्हणजे शून्य नाही हे मलाही कळतं, पण "जळून जातात" हेही नाही. किडनी-लिव्हरचं तर प्रत्येकाचं लिमिट आम्ही प्लॅनमध्ये टाकतो, किडनीचा सरासरी डोस 18 ग्रेच्या खाली हवा वगैरे, आणि बसत नसेल तर प्लॅन परत करतो, कधीकधी पाच-सहा वेळा, घरी जायला आठ वाजतात.

राहिलं पाणी, आणि या मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ हीच आहे. जठर किंवा स्वादुपिंडाचा शेक असेल तर दोन-तीन तास उपाशी यायला सांगतात, ते बरोबर आहे. पण ओटीपोटाच्या शेकाला बरोबर उलटं, तिथे ठरलेलं पाणी पिऊन, लघवी रोखून यायचं. मूत्राशय भरलं की फुग्यासारखं वर येतं आणि लहान आतड्याला बीमच्या बाहेर वर ढकलतं. रिकामं असलं की आतडं खाली घसरतं, थेट शेकाच्या जागेत. आम्ही सकाळच्या स्कॅनवर मूत्राशय लहान दिसलं तर पेशंटला टेबलावरून उतरवून बाटली हातात देतो आणि अर्धा तास बाहेर बसवतो, मग ते वैतागतात, साहजिक आहे. पण 25 दिवस रोज एक बाटली पाणी हे आतड्यासाठी आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त उपकरण आहे.

आत्या, काकूंनी तो मेसेज वाचून पाणी बंद केलं नाहीये ना, ते आज संध्याकाळीच जाऊन विचार.