पोरीला सांगा

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाचा व्हॉइस मेसेज आला. माझी मामेबहीण २६ वर्षांची, कोथरूडला असते. या वर्षी तिला मल्टिपल स्क्लेरॉसिसचं (एमएस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) निदान झालं आणि आता डॉक्टर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करणार आहेत. मामाचं म्हणणं असं: "दुष्परिणामांचं पुराण तिच्यापुढे कुणी वाचायचं नाही. पोर खचेल. डॉक्टर आहेत, आपण आहोत, बघू काय ते." खाली सात जणांनी हात जोडले. उपचाराच्या संमतिपत्रावर सही मामाने करायची, हेही ठरून गेलं.

मला संताप आला. मला हा आजार होऊन ११ वर्षं झाली, त्यातली सहा इथे न्यू जर्सीत नॅटालिझुमॅब या एमएसवरच्या औषधावर गेली. दर वेळी सुई टोचण्याआधी नर्स माहितीपत्रक हातात ठेवते आणि विचारते: विचार करताना, बघताना, तोल सांभाळताना काही दिवसांपासून नवा त्रास होतोय का? उत्तरं नोंदल्याशिवाय औषधाची पिशवी टांगत नाहीत. बर्फ पडो, हायवे तुंबो, प्रश्न चुकत नाहीत. इन्शुरन्सच्या मंजुरीसाठी इथे किती झिजावं लागतं ते वेगळं. पण अंगात काय जातंय हे मला न सांगता कुणी घातलेलं नाही.

ही शिस्त सुखासुखी आली नाही. नॅटालिझुमॅब अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये मंजूर झालं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये थांबवलं गेलं, कारण ते घेणाऱ्यांत पीएमएलचे रुग्ण सापडले. जेसी विषाणूमुळे मेंदूला होणारा हा संसर्ग जीव घेऊ शकतो. मार्च २००६ मध्ये एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, सल्लागार समितीपुढे एमएसचे रुग्ण स्वतः बोलले. धोका माहीत असूनही त्यांनी औषध परत मागितलं. जूनमध्ये ते परत आलं, 'टच' नावाच्या सक्तीच्या नोंदणीसकट: डॉक्टर नोंदलेला, केंद्र नोंदलेलं, रुग्ण नोंदलेला, दर सहा महिन्यांनी फेरविचार. मामा, ती माणसं खचली नव्हती रे.

रिटुक्सिमॅब वाईट, असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये एमएससाठी ते सर्रास देतात, आणि आपल्याकडे ते त्यातल्या त्यात परवडतं. डॉक्टरांची निवड बरोबरच असेल. पण ते मुळात लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आजारांसाठी मंजूर झालेलं औषध आहे, हे तिला कुणी सांगितलंय? आधी हेपॅटायटिस बीची तपासणी करावी लागते, कारण दबलेला विषाणू उसळू शकतो. लसी आधी उरकाव्या लागतात. नंतर ताप आला तर अंगावर काढून चालत नाही. मामा काही तिच्याबरोबर ऑफिसला जात नाही. भारतातही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवतात, रुग्ण स्वतः कळवू शकतो. पण लक्ष कशावर ठेवायचं हेच माहीत नसेल तर ती कळवणार काय? आणि सहीचं म्हणाल, तर २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान मुलगी भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नव्हती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मग मामाला वेगळा फोन केला, कारण एक गोष्ट ग्रुपवर लिहिण्यासारखी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझी जेसी विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी आकडे पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, निर्णय तुमचा. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मामालाच फोन लावला होता. पुण्यात रात्रीचा एक वाजला होता. "मामा, तूच सांग काय करू." त्याने सगळे कागद मागवून घेतले. तीन रात्री ओळ न् ओळ माझ्याबरोबर वाचली, शब्द अडला की थांबून विचारायचा. औषध चारऐवजी सहा आठवड्यांनी घ्यायचं आणि एमआरआय लवकर लवकर करायचा, हे मी ठरवलं खरं, पण त्याचा आवाज कानात होता म्हणून.

"मला वाचू दिलंस, मग तिला का नाही?"

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू लांब होतीस बाळा. वाचण्याखेरीज तुझ्यासाठी मला दुसरं काय करता येत होतं? ही जवळ आहे."

तेव्हापासून तो राग मला तसाच्या तसा धरून ठेवता येत नाही. सदाशिव पेठेतल्या घरात मला ताप आला की किती आला हे कुणी सांगायचं नाही, नुसत्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहायचे. तिला ते अजून मिळतंय याचा मला हेवा वाटला. इथे निर्णय माझा असतो, आणि तो घेऊन झाला की गाडी चालवत एकटीने घरी यायचं असतं.

तरीही मामा चुकतोय, आणि मी त्याला तसं सांगितलं. जे माझ्याबरोबर फोनवर केलंस, ते तिच्याशेजारी बसून कर. शनिवारी माझ्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळी, मी फोनवर असेन. हेपॅटायटिसच्या तपासणीपासून सुरुवात करू. सही ती करेल.