सही केली म्हणजे खुशीने केली?

आज सकाळी नात्यातल्या ग्रुपवर एका ताईचं कौतुक चाललं होतं. माहेरच्या मालमत्तेतला वाटा सोडून भावांना हक्कसोडपत्र करून दिलं, एका शब्दाने वाद घातला नाही, किती समजूतदार! शाबासकीच्या वर केलेल्या अंगठ्यांची नुसती रांग. तेव्हापासून डोकं भणभणतंय.

इंग्रजीत ‘ड्रॅगून’ हे क्रियापद आहे. धाकदपटशाने एखाद्याला नको ते करायला लावणं. मुळात ड्रॅगून म्हणजे घोड्यावरचे बंदूकधारी शिपाई. १६८१ मध्ये फ्रान्सचा कॅथलिक राजा चौदावा लुई याच्या अधिकाऱ्यांनी प्वातू प्रांतात हे शिपाई प्रॉटेस्टंटांच्या घरांत मुक्कामाला घातले. धर्म बदला असा कायदा नव्हता. शिपाई फक्त घरात राहायचे, खायचे, सामान मोडायचे, रात्रभर ढोल बडवून झोपू द्यायचे नाहीत. कॅथलिक झालात की मुक्काम हलला!

माझ्या आत्याकडे तिचे भाऊ, म्हणजे माझे काका, आले होते, बायकामुलांसकट. राहायला आलोय म्हणाले. ती रांधायची, वाढायची, आणि पानावर बसलं की हक्क सोडण्याचा विषय निघायचा. माहेर तुटेल हं. आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेव. शेवटी ती तालुक्याला गेली. कागदावर काय लिहिलंय? ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.’

लुईनेही हेच केलं. १६८५ मध्ये म्हणाला, बहुतेक प्रॉटेस्टंट कॅथलिक झालेच आहेत, आता त्यांना धर्म पाळायची मुभा देणाऱ्या १५९८ च्या नांतच्या फर्मानाची गरज काय? केलं रद्द. देश सोडायलाही बंदी. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत. तरी दोनेक लाख निसटले. त्यातले काही लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणत बसले. ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो यांच्यामुळेच.

आत्या कुठे पळणार होती? मुक्काम तिच्याच घरात पडला होता.

काही बहिणी मनापासून हक्क सोडतात, मान्य. आणि माझे काका दुष्ट नव्हते. आत्याच्या आजारपणात रात्री-रात्री दवाखान्यात तेच बसले. आत्यानेही त्यांना कधी बोल लावला नाही. म्हणून तर जास्त लागतं. घोड्यावरच्या शिपायाला निदान शिव्या तरी देता येतात, आत्याला तेही जमलं नाही. भाऊबीजेला ओवाळत राहिली त्यांना.

चुलत बहिणीकडे आता असाच कागद आलाय. तिला सांगितलंय, घाई नको, आधी तुझा वकील वाचेल. आणि मंडळी मुक्कामाला आली तर मला फोन कर, मीही बॅग घेऊन येते.