"फोन काढून घेईन" ही धमकी बंद करा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एका घराची माणसं एका तालुक्यात मावत नाहीत. आत्त्या चंदगडला दिलेली, मामा पुण्यात कंपनीत, काका गोव्यात, आणि मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेले कितीतरी पप्पा लांब कुठंतरी पोस्टिंगवर. सुट्ट्यासुद्धा जुळत नाहीत. आमच्या शाळा मे संपता संपता उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. भावंडांची भेट बरीचशी व्हिडिओ कॉलवरच. त्यामुळं "पोरांच्या हातात मोबाईलच देऊ नका" असं कोण सांगायला लागलं की मला राग येतो. मग त्या पोरानं बापाचं तोंड बघायचं कधी?

धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. गेम खेळताना माइकवर गोड बोलणारा 'भाई' आधी फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो, मग नंबर मागतो, मग फोटो. एकदा नको तसा फोटो गेला की "पैसे दे, नाहीतर घरच्यांना पाठवतो" सुरू. पोरगं गप्प बसतं ते त्या माणसाला भिऊन कमी आणि आपल्याला भिऊन जास्त. सांगितलं तर मार बसणार, फोन जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या भामट्यालाही ते ठाऊक असतं, त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. म्हणून घरात आधीच बोलून ठेवा: काहीही झालं तरी सांग, फोन काढून घेणार नाही. आणि हा शब्द मोडू नका.

असं झालंच तर पैसे देऊ नका. लाज वाटते म्हणून चॅटही उडवू नका, तोच पुरावा. स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मुलांच्या मदतीसाठी 1098 ला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार नाव न देताही करता येते.

आता आपल्याकडं बघूया. इन्स्टाग्राम 13 वर्षांखालच्यांना नाही. त्यावरच्या अल्पवयीनांचं खातं प्रायव्हेट राहावं, अनोळखी माणसाचा मेसेज येऊ नये, अशी सोय कंपनीनं 2024 पासून आणली. पण घरातलाच कोणीतरी दादा जन्मसाल 2000 टाकून खातं उघडून देतो. झालं, कंपनीच्या लेखी आपली सहावीतली पोरगी पंचविशीची! ती सोय काय कामाची?

आणि आपले स्टेटस? शाळेच्या पहिल्या दिवशी बॅज दिसणारा फोटो, शाळेचं नाव, ट्यूशनची वेळ, वर "पप्पा ड्युटीवर, आम्ही दोघीच घरी". गावच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत असतं, तिथं चालतं. पण दूधवाल्यापासून प्लॉट विकणाऱ्यापर्यंत शे-दोनशे नंबर सेव्ह असतात, त्या सगळ्यांनी हे कशाला बघायचं?

व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथं 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, अनोळखी कॉल सायलेंट करा. आज्जीच्या फोनवर तर आधी करा, पोरं संध्याकाळी तोच घेऊन बसतात. आज्जी रागवेल, रागवू दे की.

तुमच्या पोरांच्या खात्यावर जन्मसाल कुठलं आहे, आज बघून खाली सांगा.